जो लुई आजच्या हेवीवेटसमोर टिकला असता का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाच्याशी वाद झालाय. त्याचं म्हणणं असं, की टायसन फ्यूरी ६ फूट ९ इंच उंच आणि जवळपास १२० किलोंचा. त्याच्यापुढे ९० किलोंचा जो लुई किंवा ८४ किलोंचा रॉकी मार्सियानो उभा तरी राहील का? या जुन्या मंडळींना पहिल्या पाचांत बसवणं म्हणजे नुसती भावना. आणि मुहम्मद अलीला पहिला नंबर मिळतो तो व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे, ठोशांमुळे नव्हे. तुम्हाला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

मी पुण्यात ३० वर्षं मुलांना बॉक्सिंग शिकवतोय आणि त्यातली बरीच वर्षं स्पर्धांमध्ये जज म्हणूनही बसलोय. भाच्याचा निम्मा मुद्दा बरोबर आहे, हे आधीच सांगतो. अडचण अशी, की तुम्ही दोघं तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरून भांडताय. कोण कोणाला हरवेल, हा एक. आपापल्या काळात कोण किती वरचढ होता, हा दुसरा. आणि कोणामुळे रिंगबाहेरचं जग हललं, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि ती वेगळीच राहू द्यावीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडून काढून घ्यायचा प्रयत्न फार पूर्वीच झालाय. १९६९ मध्ये अलीवर बंदी होती आणि मार्सियानो निवृत्त होऊन १३ वर्षं झाली होती. मायामीतल्या एका रेडिओ निर्मात्याने दोघांना स्टुडिओत आणलं, मिनिटामिनिटाच्या फेऱ्या खेळवल्या, वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले आणि निकाल संगणकावर सोपवला. जानेवारी १९७० मध्ये ती लढत सिनेमागृहांत दाखवली गेली. अमेरिकेत मार्सियानोने १३व्या फेरीत अलीला नॉकआउट केलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. मार्सियानोला निकाल कळलाच नाही, चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत तो विमान अपघातात गेला. एकाच लढतीचे दोन निकाल निघाले, कारण खरा प्रश्न यंत्रात घालण्याच्या आधीचा होता: लढत कोणत्या नियमांनी, किती फेऱ्यांची आणि कोणत्या वर्षीच्या बॉक्सरची?

नियमांनी काय होतं, हे जजच्या खुर्चीत बसल्यावर फार लवकर कळतं. हौशी बॉक्सिंगमध्ये पूर्वी आम्ही यंत्राची बटणं दाबून गुण देत होतो. २०१३ पासून दहा गुणांची पद्धत आली, म्हणजे फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि दुसऱ्याला त्याहून कमी. त्या बदलाच्या काळात काही मुलं एका रात्रीत खाली गेली आणि काही वर आली. मुलं तीच, हात तेच. बटणाच्या काळात लांबून स्वच्छ जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लावून पळणाऱ्याचं फावायचं. पोटात ठोसे मारून समोरच्याला खच्ची करणाऱ्याच्या कष्टाला मोल नव्हतं. नवी पद्धत आली आणि त्याच मुलाला न्याय मिळाला.

आता हेच हेवीवेट जगज्जेतेपदाला लावून बघा. आज लढत १२ फेऱ्यांची असते. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये कोरियाचा किम डुक कू लास व्हेगासमधल्या लढतीनंतर दगावला, त्यानंतर १५ फेऱ्या हळूहळू बंद झाल्या. जो लुई आणि बिली कॉन, जून १९४१: बारा फेऱ्या संपल्या तेव्हा जजच्या दोन गुणकार्डांवर कॉन पुढे, तिसऱ्यावर बरोबरी. १३व्या फेरीत लुईने त्याला झोपवलं. आजचा नियम असता तर त्या रात्री लुईचं जगज्जेतेपद गेलं असतं. मार्सियानोने सप्टेंबर १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटकडून जगज्जेतेपद घेतलं तेही १३व्या फेरीत, आणि तोपर्यंत तो तिन्ही कार्डांवर मागे होता. त्याचा ४९-० (४९ विजय, शून्य पराभव) हा आकडा आज सगळ्यांच्या तोंडी आहे, तो १३व्या फेरीच्या आधारावर उभा आहे. उलट बाजूने बघा, तर जॅक डेम्प्सीने १९१९ मध्ये जगज्जेता जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं, आणि तो उठत असताना शेजारीच उभा राहून पाडलं. तेव्हा दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबायची सक्ती नव्हती.

आणखी एक गोष्ट माझ्या मुलांना नेहमी सांगावी लागते. १९१० च्या आसपासची फिल्म बघून ती म्हणतात, सर, हे किती विचित्र उड्या मारतात. तो दोष बॉक्सरचा नसतो. कॅमेरा हाताने फिरवलेला असायचा आणि फिल्म चुकीच्या वेगाने दाखवली, की माणसं झटके देत पळताना दिसतात. योग्य वेगाने केलेली प्रत मिळाली तर पहिला काळा हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन बघा. समोरच्याचा ठोसा निघायच्या आधी त्याच्या दंडावर हात ठेवून तो तिथेच अडवायची त्याची कला आजही शिकण्यासारखी आहे. तो असा सावकाश का खेळायचा? कारण १९१० ची, माजी जगज्जेता जिम जेफ्रीजविरुद्धची लढत ४५ फेऱ्यांची ठरलेली होती. पहिल्या फेरीत धावणाऱ्याचं विसाव्या फेरीत काय होतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग दोन काळांची तुलना अशक्यच आहे का? नाही. मी पुलांचा आधार घेतो, म्हणजे दोन पिढ्यांशी लढलेले बॉक्सर. आर्ची मूरने १९५५ मध्ये मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली बसवलं होतं आणि १९६२ मध्ये तोच मूर तरुण अलीशी लढला. पण तोवर त्याची चाळिशी उलटली होती, त्यामुळे हा पूल कच्चा. सगळ्यांत भक्कम पूल जॉर्ज फोरमन. १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. पुढच्या वर्षी किन्शासात अलीकडून हरला. नंतर निवृत्त झाला, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परत आला आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, मायकेल मूररला नॉकआउट करून जगज्जेता झाला. या मूररने सहाच महिन्यांपूर्वी इव्हँडर होलीफिल्डला हरवलं होतं. म्हणजे पाय जड झालेला, पोट सुटलेला, सत्तरच्या दशकातला माणूस नव्वदच्या दशकातल्या विजेत्याला पाडू शकला. अर्थात त्या रात्री दहाव्या फेरीपर्यंत फोरमन तिन्ही कार्डांवर मागे होता, हेही मी लपवणार नाही. एका सरळ उजव्या ठोशाने निकाल फिरला. पण ‘जुने लोक आजच्यांपुढे उभे राहूच शकत नाहीत’ हे विधान त्या एका रात्रीने निकालात निघालं.

आता आकाराचा प्रश्न, कारण भाच्याचा खरा जोर तिथे आहे. राक्षसी आकाराचे बॉक्सर तेव्हाही होते. डेम्प्सीने पाडलेला विलर्ड ६ फूट ६ इंचांच्या वर आणि १११ किलोंचा होता. डेम्प्सी ८५ किलोंचा. लुईने १९३५ मध्ये प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं, तेव्हा कार्नेरा त्याच्यापेक्षा जवळजवळ ३० किलोंनी भारी होता. पण विलर्ड आणि कार्नेरा म्हणजे फ्यूरी नव्हेत. फ्यूरीचे पाय चालतात, तो अंतर राखतो आणि जवळ आलात की आपलं सगळं वजन तुमच्या मानेवर टाकतो. रिंगमध्ये १२० किलोंचं ओझं अंगावर घेऊन फेऱ्या काढणं म्हणजे काय, हे कुस्तीच्या तालमीत वरून दाब खाल्लेल्या माणसाला विचारा. ठोसा न मारताही तो तुमची ताकद काढून घेतो.

तरीही मे २०२४ मध्ये रियाधला ओलेक्झांडर उसिकने फ्यूरीला हरवलं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. उसिक ६ फूट ३ इंच, वजन १०० किलोंच्या थोडं वर. किन्शासातला अलीसुद्धा ६ फूट ३ इंच आणि ९८ किलो. त्यामुळे अली आजच्या हेवीवेटपुढे लहान पडेल, हे म्हणणं उसिकनेच खोटं ठरवलंय. लुईबद्दल मात्र मी सावध आहे. त्याची एक जुनी खोड होती, जॅब मारल्यावर डावा हात खाली यायचा. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने फिल्म बघून ती हेरली आणि १९३६ मध्ये त्याच फटीतून उजवा ठोसा घालून त्याला १२व्या फेरीत बाद केलं. शिवाय सतत हलणारा माणूस त्याला जड जायचा, हे कॉनने दाखवलं. त्यामुळे फ्यूरी आणि लुई यांच्यात १२ फेऱ्या पूर्ण झाल्या तर मी फ्यूरीच्या बाजूने कार्ड भरेन. पहिल्या सहांत लुईला अंतर सापडलं तर कार्डाची गरजच पडणार नाही. आणि मार्सियानो? आज हेवीवेटहून हलक्या क्रूझरवेट गटाची मर्यादा ९०.७ किलो आहे. तो आज त्या गटात खेळला असता आणि तिथे थरकाप उडवला असता. फ्यूरीपुढे त्याला मी पाठवणार नाही. एवढं भाच्याचं मान्य.

दुसरा प्रश्न माझ्या लेखी जास्त प्रामाणिक आहे, कारण त्याचा पुरावा आपल्या हातात आहे. समोर जे आलं त्याचं काय केलं? लुई १९३७ ते १९४९ जगज्जेता होता आणि त्याने २५ वेळा ते पद राखलं. एकट्या १९४१ मध्ये सात वेळा. आजचा विजेता वर्षात दोनदा लढला तरी खूप झालं. मार्सियानो हरला नाही हे खरं, पण त्याच्यासमोर आले तेव्हा वॉलकॉट अडतिशीचा, लुई ३७ वर्षांचा आणि मूर त्याहून मोठा होता. शून्य पराभव हा आकडा मोहात पाडतो; मी मुलांना नेहमी विचारतो, शून्य कोणाविरुद्ध?

अलीच्या समोर मात्र लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन. एवढी ताकदवान पिढी हेवीवेटमध्ये दुसरी झाली नाही, आणि त्यातल्या पहिल्या तिघांना त्यांच्या भरात असताना किंवा भराच्या जवळ असताना त्याने हरवलं. म्हणून माझ्याकडे अली पहिला. हा नंबर मी व्हिएतनामचा एकही गुण न मिळवता देतोय.

पण शिकवायला मी अली वापरत नाही, लुई वापरतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक गुणी मुलगा अलीच्या चित्रफिती बघून हात कमरेशी ठेवायला लागला, ठोसा आला की मान मागे न्यायला लागला. सरावात चाललं. विभागीय स्पर्धेत दुसऱ्या फेरीत त्याच्या हनुवटीवर डावा हुक बसला आणि मी टॉवेल टाकला. त्याला वेळीच दटावलं नाही ही चूक माझी. अलीचं ते तंत्र त्याच्या नजरेवर आणि पायांवर उभं होतं, आणि ती नजर उसनी मिळत नाही. लुईचे ठोसे मात्र कोणालाही शिकता येतात: पाय शरीराखाली, कोपर आत, हात जेमतेम फूटभर प्रवास करतो आणि सगळं अंग त्याच्या मागे येतं.

या यादीत जी नावं कधीच येत नाहीत, त्यांचंही सांगायला हवं. पीटर जॅक्सनशी जगज्जेता जॉन एल. सलिव्हन लढलाच नाही, कारण जॅक्सन काळा होता. हॅरी विल्सने वर्षानुवर्षं डेम्प्सीची वाट पाहिली. करार झाले, लढत झाली नाही. सॅम लँगफर्डला हेवीवेट जगज्जेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही, आणि ती नाकारणाऱ्यांत खुद्द जॅक जॉन्सनही होता. काळ्या आव्हानवीराशी विजेता जॉन्सन फक्त एकदाच लढला, १९१३ मध्ये पॅरिसला. ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ अशी यादी करताना ही माणसं माझ्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून १९३७ च्या आधीच्या कुठल्याही नंबराबद्दल मी ठामपणे बोलत नाही.

आणि इथूनच तिसरा प्रश्न सुरू होतो. जॉन्सन, लुई, अली ही तीन नावं सुटी सुटी घेतली तर त्यांचा सामाजिक परिणाम कळत नाही. ती एक साखळी आहे. जॉन्सनने १९०८ मध्ये सिडनीत जगज्जेतेपद घेतलं आणि गोऱ्या अमेरिकेला ते सोसवेना. शेतावर निवांत बसलेल्या जिम जेफ्रीजला पुन्हा बोलावून आणलं. ४ जुलै १९१० रोजी रेनोमध्ये जॉन्सनने त्याला १५व्या फेरीत संपवलं. त्या रात्री देशभर दंगली झाल्या, वीसच्या आसपास माणसं मेली आणि त्यांतली बहुतेक काळी होती. १९१२ मध्ये तर बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला कायद्याने बंदी झाली. जॉन्सनने गोऱ्या स्त्रियांशी उघड संबंध ठेवले, लग्नं केली; १९१३ मध्ये त्याला त्याच निमित्ताने दोषी ठरवलं गेलं आणि तो देश सोडून गेला. अमेरिकन सरकारने त्याला माफी दिली २०१८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. १९१५ मध्ये तो हरला आणि पुढची २२ वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला या पदासाठी लढू दिलं गेलं नाही.

लुईला त्याच्या व्यवस्थापकांनी जे नियम घालून दिले ते थेट या इतिहासातून आले. गोऱ्या स्त्रीबरोबर फोटो नको. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर उभं राहून आनंद दाखवायचा नाही. त्याच्या निर्विकार चेहऱ्याला लोक स्वभाव म्हणतात. मला त्यात २२ वर्षांचं बंद दार दिसतं. २२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार लोकांसमोर त्याने श्मेलिंगला १२४ सेकंदांत हरवलं आणि हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाला उत्तर म्हणून गोरी अमेरिकासुद्धा एका काळ्या माणसाच्या मागे उभी राहिली. (श्मेलिंग स्वतः नाझी पक्षात नव्हता. त्याचा अमेरिकन व्यवस्थापक ज्यू होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवलं.) युद्धात लुईने दोन लढतींची कमाई नौदल आणि सैन्याच्या मदतनिधीला दिली आणि काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या त्याच सैन्यात भरती झाला. युद्धानंतर कराची थकबाकी इतकी चढली, की निवृत्त झालेला लुई ३६ व्या वर्षी पुन्हा रिंगमध्ये उतरला. १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला दोऱ्यांबाहेर पाडलं ते दृश्य मी मुलांना दाखवत नाही.

लुईने गप्प राहून जे मिळवलं, त्या जमिनीवर उभं राहून अली बोलू शकला. लुई ‘गोऱ्यांचा आवडता’ म्हणून अलीने त्याची हेटाळणी केली, ते मला पटत नाही. बंदीच्या काळात ज्या फ्रेझरने त्याला मदत केली, त्यालाच पुढे ‘गोरिला’ म्हणणं तर अजिबात पटत नाही. मोठेपणा मान्य करताना हेही मांडावं लागतं. प्रसिद्धी म्हणजे परिणाम नव्हे, हेही अलीच्याच आयुष्यात दिसतं. १९८० च्या सुरुवातीला तो भारतात आला होता, मद्रासमध्ये प्रदर्शनीय लढतही खेळला. तिथून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्याला मॉस्को ऑलिंपिकवरच्या बहिष्काराचा प्रचार करायला आफ्रिकेत पाठवलं. टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे त्याला भेटलेसुद्धा नाहीत. १९७६ च्या ऑलिंपिकवर आफ्रिकेने बहिष्कार घातला तेव्हा अमेरिका कुठे होती, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तोच माणूस, तीच कीर्ती. पण १९६७ मध्ये तो स्वतःचं बोलत होता आणि स्वतःचं गमावत होता.

किती गमावलं, ते भाच्याला नीट सांगा. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये त्याने सैन्यभरतीला नकार दिला तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पद गेलं, परवाने गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९७१ मध्ये ८-० ने रद्द केली. तो परत रिंगमध्ये उतरला ऑक्टोबर १९७० मध्ये. पंचवीस ते अठ्ठावीस ही हेवीवेटची सोन्यासारखी वर्षं. व्हिएतनामने अलीला गुण मिळवून दिले नाहीत. त्याच्या बॉक्सिंगमधून साडेतीन वर्षं कापून नेली. परतला तेव्हा पूर्वीसारखे पाय उरले नव्हते. जे ठोसे तो आधी चुकवत होता ते आता अंगावर झेलायला लागला. फ्रेझर, फोरमन, मनिलात पुन्हा फ्रेझर, १९८० मध्ये लॅरी होम्स. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. कोणत्या ठोशाने काय झालं हे सांगणं डॉक्टरांचं काम, पण शिकवणारा म्हणून मला त्या लढती शांतपणे बघवत नाहीत.

नंतरच्यांबद्दल थोडक्यात. माइक टायसनसारखी दहशत कोणी निर्माण केली नाही, पण त्याच्यामुळे समाजात काही बदललं असं मी म्हणणार नाही. विताली क्लिच्को २०१४ पासून कीव्हचा महापौर आहे, उसिक २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच देशासाठी भरती झाला. त्यांचं मोजमाप अजून व्हायचंय.

भाच्याला अलीच्या दोन चित्रफिती दाखवा, आवाज बंद करून, म्हणजे समालोचक त्याचं मत बनवणार नाही. पहिली नोव्हेंबर १९६६ ची, ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची. तीन फेऱ्यांत संपते. दुसरी ८ मार्च १९७१ ची, फ्रेझरविरुद्धची. दोन्हींत अलीचे हात बघू नका, फक्त पाय बघा. दुसऱ्या लढतीत सहाव्या फेरीनंतर टाचा कधी टेकतात आणि तो दोऱ्यांना पाठ कधी लावतो, ते मोजायला सांगा. मग त्याने मांडलेला प्रश्न त्यालाच पुन्हा विचारा.